जूनपासून आरसीसीबी सारखी पडते? लोड वाढवलेल्या चिऱ्याच्या घरात काय काय बघायचं

दर वर्षी मृगाचे दोन-चार पाऊस झाले की माझा फोन वाजायला लागतो आणि तक्रार ठरलेली असते, दादा शेजारी लाईट आहे, आमच्याच घरात नाही, ती टेस्टचं बटण असलेली मोठी खटकी वर केली की परत खाली येते. मग मी दोनच गोष्टी विचारतो, घर कसलं आहे आणि गेल्या वर्षभरात नवीन काय लावलं. घर चिऱ्याचं निघतं, आणि उन्हाळ्यात एसी बसवलेला असतो नाहीतर मोठा गीझर, आणि त्यासाठी लोड वाढवून घेतलेला असतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बावीस वर्षं मी वायरिंगचं काम करतोय आणि हा एकच फॉल्ट इतक्या घरांतून काढलाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. लोक आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारी ती टेस्टच्या बटणाची खटकी, बदलतात, मग ब्रँड बदलतात, मग कंटाळून कोणालातरी सांगून ती बायपास करून घेतात, आणि मला भीती वाटते ती या शेवटच्या गोष्टीची. दोष खटकीत क्वचितच असतो. लोड वाढवताना मीटर नवा आला, डीबी (सगळ्या खटक्यांची पेटी) नवा आला, जाड वायर आली, पण ती वायर भिंतीवरून न्यायची की भिंतीतून, आणि भिंतीतून तर कशी, हा विचार कोणी केलेला नसतो. जांभा चिरा पाणी पितो. आपल्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर सुकतच नाही, आणि त्या भिंतीत आपण झिरी, म्हणजे लांब खाच, मारून पाइप पुरतो.

लक्षणं

आरसीसीबी पडते पण एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटची छोटी खटकी, पडत नाही. झड लागली की पडते, दोन दिवस उघडीप मिळाली की आपोआप बरी होते, त्यामुळे वायरमन येतो तेव्हा सगळं चालू असतं आणि तो हात हलवत परत जातो. घरात काहीच लावलेलं नसताना टिकते पण गीझर किंवा इस्त्री लावली की पडते, आणि गंमत म्हणजे गीझर तपासला तर चांगला निघतो. बोर्डाच्या वर किंवा खाली भिंतीला सरळ रेषेत ओलीचा पट्टा दिसतो, त्या रेषेत पोपडे सुटलेत, पांढरा क्षार फुटलाय. मोरीच्या नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. मेन स्विचजवळ कधीतरी वास येतो, बॅकेलाइट तापलं की सुक्या मासळीसारखा वास सुटतो, आणि आमच्याकडे अंगणात मासळी वाळत असतेच म्हणून त्याकडे लक्ष जात नाही, पण घरात मासळी नसताना तो वास आला तर लगेच मेन बंद करा.

झिणझिण्यांचं आधी सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. आरसीसीबी फक्त तिच्या पुढच्या वायरिंगवर लक्ष ठेवते. तुमची आरसीसीबी आतल्या खोलीत डीबीमध्ये असेल आणि मीटर बाहेर पडवीत असेल, तर मीटर ते डीबी हा भिंतीतला जो तुकडा आहे त्यातून करंट गळाला तर आरसीसीबीला ते कळतच नाही. भिंतीला शॉक लागतोय आणि आरसीसीबी निवांत वर आहे, असं असेल तर ती खराब आहे म्हणून बदलत बसू नका, भिंतीपासून लांब व्हा, मेन बंद करा आणि परवानाधारक माणूस बोलवा, पुढचं काही वाचायची सुद्धा गरज नाही.

आता तपासणी, फुकट आणि सोप्यापासून सुरुवात

सगळ्यात आधी नुसतं बघा की काय पडतंय. एमसीबी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे, तो वेगळा विषय. आरसीसीबी पडत असेल तर गळती आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, मध्ये फरक पडला म्हणजे कुठेतरी जमिनीत चाललाय, एवढंच ती मोजते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची वापरतात. हिशोब करून बघा, २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला साधारण साडेसात किलोओहमचा रस्ता पुरतो, आणि प्रत्यक्षात ती त्याच्याही आधी, वीस-बावीसलाच पडू शकते. एका ठिकाणची ओल तेवढी नसते, पण चार बोर्डांत थोडी थोडी ओल असली की बेरीज होते. म्हणून खूपदा "नक्की कुठे" याचं उत्तर एकच जागा असं नसतं.

एक वही घ्या आणि चार दिवस लिहा, किती वाजता पडली, पाऊस होता का, वारा कुठून होता, काय चालू होतं. ही वही मला मेगरपेक्षा, म्हणजे वायरीचं इन्शुलेशन मोजायच्या यंत्रापेक्षा, जास्त उपयोगी पडलीय. एका घरात फक्त दक्षिणेचा वारा असला की पडायची, तेवढ्यावरून गेटच्या दिव्याचा पॉइंट सापडला.

दुसरं, सगळे प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच उपटायचा, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, वायफायचा डबा, इन्व्हर्टर सगळं. कारण स्विच एकच वायर तोडतो, दुसरी जोडलेलीच राहते आणि गीझरची कॉइल फुटलेली असली तर न्यूट्रलच्या बाजूने बॉडीला चिकटलेली असते. सगळं काढल्यावर आरसीसीबी दिवसभर टिकली तर एकेक वस्तू लावत जा, दोन वस्तूंमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. पैसा खर्च न करता इथेच बऱ्याच घरांचा प्रश्न सुटतो, गीझर किंवा जुनं वॉशिंग मशीन सापडतं. इन्व्हर्टर असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या, लावताना न्यूट्रल एकत्र केलेला असतो, म्हणजे फेज आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल बाहेरून आला, मग ती पडणारच आणि त्यात पावसाचा काही संबंध नाही.

तिसरं, डीबीमधल्या सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एक एक एमसीबी वर करत जा. जिच्यावर पडली ते सर्किट. पण इथे एक फसगत आहे आणि नवे वायरमन सुद्धा इथे चुकतात. एमसीबी सिंगल पोल असते, ती फक्त फेज तोडते, न्यूट्रल सगळ्यांचे एका पट्टीवर कायम जोडलेले असतात. आता समजा हॉलच्या सर्किटचा न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थला, म्हणजे जमिनीला, लागलाय. सगळं बंद असताना न्यूट्रलवर करंटच नाही, आरसीसीबी टिकते. तुम्ही स्वयंपाकघरात इंडक्शन लावलं, त्याचा करंट न्यूट्रलच्या पट्टीवर आला आणि त्यातला थोडा हॉलच्या खराब जागेतून जमिनीत गेला, आरसीसीबी पडली, आणि दोष इंडक्शनवर आला. म्हणून कुठलीही मोठी वस्तू लावली की पडते, वस्तू कुठलीही असो, असं दिसलं तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय हे नव्वद टक्के धरून चाला आणि वस्तू बदलत बसू नका. हे शोधायला न्यूट्रलच्या वायरी पट्टीवरून एकेक सोडवाव्या लागतात, ते काम घरच्यांचं नाही.

चौथं, बाहेरचे पॉइंट. गेटचा दिवा, तुळशीजवळचा दिवा, बेल, बाहेरचा संडास, विहिरीचा पंप. त्यांची एमसीबी आणि मेन बंद करून, टेस्टरने बघून, कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून बोर्ड उघडा. टेस्टरवर पूर्ण विश्वास ठेवू नका, ओलीत तो उगाच मिणमिणतो आणि कधी कधी पेटायचा तिथे पेटत नाही, म्हणून मेन बंद हवाच. आत काय सापडतं सांगू, मुंग्यांनी आणलेली माती, पाल, हिरवी पूड धरलेलं तांबं, आणि पेटीच्या तळाला चमचाभर पाणी. पुसून, सुकवून, झाकणाला रबर असलेली पावसाची पेटी लावा, आणि तिच्या तळाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा, आत आलेलं पाणी बाहेर गेलं पाहिजे. लोक सगळीकडून सिलिकॉन मारतात आणि पाणी आतच कोंडतं. वायर वरून आत घेऊ नका, खालूनच घ्या. पंप विहिरीत सोडलेला असेल तर त्याच्या केबलचा जोड हा नेहमीचा संशयित, पंपाची एमसीबी दोन दिवस बंद ठेवून बघा, पण पंपाची केबल पंप चालू असताना हाताने ओढू नका.

पाचवं, बाहेर अंगणात उभे राहून, हात न लावता, पोलवरून आलेली सर्व्हिस वायर भिंतीत कुठे शिरते ते बघा, शक्यतो पाऊस चालू असतानाच बघा. पाणी वायरीवरून घरंगळत येतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. वायर भिंतीत शिरायच्या आधी खाली झोळ घेऊन मग वर चढायला हवी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला ठिबकून जातं. भिंतीतला पाइप बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि बाहेरचं तोंड छत्रीच्या दांड्यासारखं खाली वळवलेलं हवं. मी बघितलेल्या बहुतेक घरांत पाइप सरळ किंवा आतल्या बाजूला उतरता असतो, कारण भोक पाडणारा माणूस आत स्टुलावर उभा असतो आणि ड्रिल वर तिरकं धरतो, मग बाहेरचं तोंड उंच आणि आतलं खाली. त्यात ते तोंड नेमकं पागोळ्यांच्या रेषेत आलं तर विषयच संपला.

गेल्या आषाढात देवगडजवळच्या एका घरी हेच होतं. त्यांनी आधी एका वायरमनकडून लोड वाढवून घेतलेला, दोन एसी, तीन किलोवॉटचा गीझर, त्याने मीटर आणि आरसीसीबी पडवीत घेतली आणि तिथून आत माजघरातल्या डीबीपर्यंत भिंतीत आडवी झिरी मारून पाइप पुरला, वर प्लॅस्टर, वर रंग, दिसायला सुंदर. जूनपासून तीन आरसीसीबी बदलून झाल्या होत्या. मी डीबीचं झाकण उघडलं, मेन बंदच होता, पाइपाच्या तोंडातून वायरींच्या कडेने पाण्याचा थेंब लोंबत होता. वायरी सोडवून पाइप मोकळा केला तर तांब्याभर गढूळ तांबडं पाणी आलं, जांभ्याचा रंग घेऊन. आजी बाजूला उभ्या होत्या, त्यांनी विचारलं एवढं पाणी लाईटच्या नळीत कसं काय शिरलं, आणि मला त्यांना बाहेर नेऊन पागोळी दाखवावी लागली. वायर नवी होती, चांगल्या कंपनीची होती, पण ओढताना बेंडमध्ये एका ठिकाणी इन्शुलेशन खरवडलं गेलेलं. कोरड्या पाइपात असली जखम वर्षानुवर्षं कळत नाही, पाण्यात पहिल्याच पावसात कळते.

सहावं, लोडची बेरीज. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर, तीन किलोवॉटचा गीझर तेरा, दोन किलोवॉटचं इंडक्शन नऊच्या आसपास, एक एचपीचा पंप पाच-सहा, इस्त्री चार-पाच. सकाळी साडेसातला हे सगळं एकत्र चालू असतं, म्हणजे चाळीसच्या घरात गेलात. आता मेनची वायर कुठली आहे बघा. जुन्या घरांत अजून सात-वीस सापडते, म्हणजे २० गेजच्या सात तारा, ती साधारण साडेचार चौरस मिलिमीटर होते, आणि आतल्या पॉइंटना तीन-बावीस, ती जेमतेम सव्वा. मीटर मोठा आला म्हणून वायर मोठी होत नाही. सहा चौरस मिलिमीटर तांब्याला मी ३२ ची एमसीबी लावतो, ४० ला दहाचीच वायर, गीझर-एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची. वायर तापली की इन्शुलेशन कडक होतं, तडकतं, आणि मग ओलीला वाट मिळते, म्हणजे उन्हाळ्यात एसीने वायर तापवली त्याचं फळ पावसाळ्यात दिसतं. लोक म्हणतात एसीचा आणि पावसातल्या ट्रिपिंगचा काय संबंध, हा संबंध आहे.

याच्या पुढे सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि आतली तांब्याची असा जोड नुसता पीळ देऊन, टेप गुंडाळून केलेला असतो. ॲल्युमिनियम आणि तांबं ओलीत एकमेकाला खातात, जोड सैल होतो, तापतो. दोन धातूंसाठी असतो तो लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) घालून, क्रिंप करून म्हणजे दाबून घट्ट बसवूनच हा जोड करायचा. पण तो जोड मेनच्या अलीकडे असतो, जिवंत असतो. तुम्ही मेन बंद केलात तरी मेन स्विचच्या वरच्या पेचांवर करंट असतोच, त्यामुळे पेच आवळायला म्हणून तिथे पेचकस घालू नका.

सातवं, मेगर. ५०० व्होल्टचा, एक मिनिट धरून, फेज-न्यूट्रल दोन्हीचं अर्थशी रीडिंग घ्यायचं, एक मेगओहमच्या खाली वायरिंग चालत नाही. हे परवानाधारक वायरमन करतो आणि त्याआधी सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तू, एलईडी दिवे सुटे करावे लागतात नाहीतर ते मरतात. माझा आग्रह एवढाच की रीडिंग पावसात घ्या. मे महिन्यात घेतलेला टेस्ट रिपोर्ट खोटा नसतो पण त्याचा उपयोग नसतो, तीच भिंत तेव्हा पन्नास मेगओहम दाखवते आणि पुनर्वसूच्या पावसात पाव सुद्धा दाखवत नाही. काम मे महिन्यात करून घेतलं असेल तर वायरमनला आषाढात परत एकदा मेगर घेऊन बोलवा, आधीच तसं ठरवा.

आठवं आणि शेवटचं, भिंत फोडणं. ते टाळायचं असेल तर पुढचं वाचा.

मग वायर न्यायची कशी

माझं मत स्पष्ट आहे, चिऱ्याच्या जुन्या घरात लोड वाढवताना मेनची वायर बाहेरच्या भिंतीत पुरायची नाही. भिंतीवरून पाइप घ्या. दिसायला नको वाटतं हे मान्य, घरातल्या बायकांना तर मुळीच आवडत नाही, पण कोपऱ्यातून, वाशाच्या खालून, चौकटीला लागून नेला आणि भिंतीचाच रंग दिला तर महिन्याभरात नजर सरावते. आयएसआय मार्कचा जाड पीव्हीसी पाइप, सरळ रेषेत पंचवीस मिलिमीटरचा चालतो, दोन-तीन बेंड असतील तर बत्तीसचाच घ्या म्हणजे ओढताना वायर खरवडत नाही. पाइप धरायला खाली बैठक असलेली सॅडल घ्या, पाइप भिंतीला चिकटता कामा नये, मागून बोटभर नाही तरी हवा खेळण्याइतकी फट हवी. पेच स्टेनलेसचे घ्या, समुद्राकाठी लोखंडी पेच दोन पावसाळ्यांत गळतात. चिऱ्यात गिट्टी (पेच धरायला भोकात घालतात ती) बसत नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण लोक सांध्यात भोक पाडतात, आणि हॅमर चालू ठेवून पाडतात. जुन्या घरात सांधा मातीचा असतो, तिथे काहीच धरत नाही. चिऱ्याच्या मधोमध, हॅमर बंद ठेवून, नुसत्या फिरत्या ड्रिलने भोक पाडा, फुंकून धूळ काढा, लांब गिट्टी घाला, धरते.

केसिंग-कॅपिंग, म्हणजे पट्टी, आतल्या कोरड्या भिंतींना ठीक आहे, दिवे-पंख्यांना ठीक आहे. मेनच्या जाड वायरीला ती पुरत नाही, टोपी सुटते, उंदीर शिरतात. पडवीच्या बाहेरच्या बाजूला अजिबात नको.

मीटर लांब असेल, कंपाउंडच्या भिंतीवर वगैरे, तर आर्मर्ड केबल, म्हणजे भोवती लोखंडी तारांचं कवच (आर्मर) असलेली. तिला दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारा धातूचा जोड) हवी आणि आर्मर अर्थ केलेलं हवं, मी खूपदा बघतो की आर्मरच्या तारा नुसत्या कापून मागे दुमडलेल्या असतात, मग त्या आर्मरचा काही उपयोग नाही, उलट एखादी तार टोचली तर सगळी केबल अंगणभर जिवंत होते. जमिनीतून न्यायची तर पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा किंवा चिऱ्याच्या कपच्या, म्हणजे उद्या कोणी माडाला आळं करायला खणलं तर कुदळ आधी विटेला लागेल.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाइप भिंतीतून घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, खाऱ्या हवेत तो आतून सडतो आणि धार वायरीला लागते. घालायचाच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून, दोघांना वेगळे लोखंडी पाइप केले तर पाइप तापतात.

आणि भिंतीतच पुरायचं असेल, नवं घर आहे, भिंत सिमेंट ब्लॉकची नाहीतर विटेची आहे, वरून छज्जा आहे, तर पुरा, पण झिरी उभी मारा. भिंतींच्या बांधकामाच्या आयएस १९०५ या भारतीय मानकात नियम आहे, उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशपेक्षा. नऊ इंची भिंतीत आडवी दीड इंच मिळते. साडेचार इंची पार्टिशनमध्ये पाऊण इंच मिळते, म्हणजे पंचवीसचा पाइप त्यात बसतच नाही, आणि तरी सगळीकडे तोच आडवा ठोकलेला असतो आणि त्याच रेषेत भिंत तडकते. मातीच्या सांध्याच्या चिऱ्यात तर आडवी झिरी मारूच नका, ब्रेकरने चिरे हलतात. पाइप न घालता वायर थेट प्लॅस्टरमध्ये दाबलेली सापडली तर ती दुरुस्त करत बसू नका, सोडून द्या आणि नवी लाइन वरून घ्या.

आडव्या-उभ्या कुठल्याही पद्धतीत अर्थची हिरवी वायर मेनबरोबर डीबीपर्यंत गेलीच पाहिजे. जुन्या घरात दोनच वायरी असतात, लोड वाढवताना तिसरी टाकायचं राहून जातं. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा नीट लागत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून परड्यात, माडाच्या मुळाशी जिथे माती खोल आणि ओली आहे तिथे तो घ्या, घरापासून लांब पडला तरी चालेल.

इथे थांबा

मीटरचं सील, मीटरच्या आधीचं काहीही, पोल, सर्व्हिस वायर हे महावितरणचं आहे, तिथे तुम्हीही हात लावायचा नाही आणि तुमच्या वायरमननेही नाही, मीटरशी छेडछाड २००३ च्या वीज कायद्यात गुन्हा आहे. १९१२ ला फोन करा. लोड वाढवायचा अर्ज आधी, मंजुरी आधी, मग वस्तू. आधी एसी लावून मग अर्ज केला तर मधले महिने जुनी वायर भाजत असते.

थ्री फेज असेल आणि काही दिवे मंद, काही एकदम प्रखर झाले तर न्यूट्रल तुटलाय, एक सेकंद न दवडता मेन खाली करा, दोन मिनिटांत फ्रिज-टीव्ही जळतात. भिंतीला, नळाला शॉक लागतोय, मेनजवळ जळका वास आहे, डीबीत पाणी दिसतंय, किंवा सगळ्या वस्तू काढून सगळ्या एमसीबी खाली करूनही आरसीसीबी उभी राहत नाही, तर तपासणी तिथेच सोडा. परवाना असलेला माणूस बोलवा, परवाना मागून बघा, आणि त्याच्याकडे मेगर आहे का ते फोनवरच विचारा. नसेल तर तो अंदाजाने पार्ट बदलणार.

आणि कृपा करून आरसीसीबी बायपास करू नका, रात्रीपुरती सुद्धा नाही, पाहुणे आलेत म्हणून नाही, गणपतीत लाईटिंगसाठी तर मुळीच नाही. मी एका घरात बायपास केलेली खटकी बघितली आणि त्याच घरात मोरीत एक पोर ओल्या पायांनी उभं होतं, वॉशिंग मशीनला हात लावून. त्या दिवशी काही झालं नाही. मी माझं साहित्य आणेपर्यंत मेन बंद करून, त्या मुलाला उचलून बाहेर ओटीवर बसवलं होतं.

देवगडच्या घरात शेवटी आम्ही पडवीपासून वाशाखालून नवा बत्तीसचा पाइप घेतला, दहाची वायर, हिरवी अर्थ बरोबर, बाहेरचं तोंड पागोळीतून हात-दीड हात आत सरकवून खाली वळवलं. जुना पुरलेला पाइप भिंतीतच आहे, वायर काढून घेतलीय, बाहेरचं तोंड बंद केलंय आणि आतलं उघडं ठेवलंय. या वर्षी पुनर्वसूत मेगर लावून आलो, चाळीस मेगओहम. त्या जुन्या पाइपाच्या तोंडातून भिंत प्यायलेलं पाणी अजून ठिबकतं, आजींनी खाली वाटी ठेवलीय.